सातव्या मिनिटातली जागा

"ती सातव्या मिनिटातली जागा तुम्हाला सुचली कशी हो?" बाईंनी काउंटरवर कोपर टेकून अगदी सहज विचारलं, आणि त्याच्या हातून भिंग निसटलं. टेबलावर फडकं अंथरलेलं होतं म्हणून वाचलं, नाहीतर बाईंच्याच चष्म्याची डावी काच पुन्हा पहिल्यापासून घासत बसावं लागलं असतं. बाई शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी हौशी मंडळी गोळा करून नाटकं बसवायच्या. त्यांच्या नव्या नाटकात शेवटाकडे एक बोट बुडते आणि माणसं किनाऱ्यावर उभी राहून बघतात, त्या प्रसंगाला चौदा मिनिटांचं संगीत त्यानं करून दिलं होतं. येत्या शनिवारी पहिला प्रयोग. तीस वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लोकांची भिंगं फ्रेममध्ये बसवणारा माणूस तो, पियानो शिकला तोही चुकतमाकत, घरच्या घरी, आणि त्याचं संगीत आता पडदा असलेल्या रंगमंचावर वाजणार होतं. बाई वादळाचं कौतुक करतील असं त्याला वाटलं होतं. तीन महिने तो त्या वादळाशी झटत होता. "वादळ छानच आहे," बाई म्हणाल्या, "पण वादळं काय, सगळ्यांचीच बरी असतात. ती जागा मात्र! एवढा गडगडाट चाललाय आणि एकदम बंद. दोन श्वास नुसते. मग परत सुरू होतं, पण कसं, तर चोरासारखं, एका हातानं. रोज तालमीत अंगावर काटा येतो माझ्या. ती आमची आईचं काम करणारी आहे ना, तिला मी तिथं काही म्हणजे काही करायला सांगितलेलं नाही. ती नुसती मान वळवते. बास." त्यानं भिंग उचललं, प्रकाशात धरून पाहिलं. ओरखडा नव्हता. "सुचलं असंच," तो म्हणाला. बाई हसल्या, "कलावंत मंडळी, तुम्ही कशाला सांगाल!" म्हणाल्या आणि चष्मा शुक्रवारी न्यायला येते सांगून गेल्या.

आता कुणी कलावंत म्हटलं तर कुठल्याही भल्या माणसाला दिवसभर पुरेल एवढा आनंद व्हायला हवा. त्यालाही तो दोन-पाच मिनिटं झाला. पण मग मान दुखायला लागली. डावीकडची, कानामागून खांद्यापर्यंत जाणारी शीर. तो घासायच्या यंत्रासमोर बसला, नळी चालू केली, पांढरं गढूळ पाणी चाकावरून ओघळू लागलं, आणि त्याच्या डोक्यात एकच भुणभुण सुरू झाली की ती जागा आपल्याला सुचली कशी. कारण खरं सांगायचं तर ती सुचलीच नव्हती. त्याला नोटेशन धड लिहिता यायचं नाही. त्याची पद्धत वेगळी होती. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, बुधवारी, सकाळी चहा झाला की लहान खोलीत जाऊन दार लावायचं, मायक्रोफोन चालू करायचा आणि मनाला येईल ते तासभर वाजवत सुटायचं. मग कधीतरी ते सगळं ऐकायचं आणि त्यातले बरे तुकडे वेचायचे. अशी अकरा वर्षांची रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर साठली होती. नावं नाहीत, नुसते आकडे. ती जागा त्यातल्याच कुठल्याशा तुकड्यातून त्यानं उचलली होती, ऐकून ऐकून जशीच्या तशी बसवली होती. मग तेव्हा, पहिल्यांदा वाजवताना, तो थांबला होता का? इतक्या जोरात असताना मधेच कुणी थांबतं का?

"अहो, लक्ष कुठंय?" मालकांनी मागून विचारलं तेव्हा त्यानं पाहिलं, भिंगावरची शाईची खूण नव्वदवर हवी तिथं त्यानं शंभरवर धरली होती. दहा अंश तिरपं. असा चष्मा घालून गिऱ्हाईक घरी गेलं असतं, दोन दिवस डोकं धरून बसलं असतं आणि तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन बोंबललं असतं. बारा-पंधरा वर्षांत त्याच्या हातून असली चूक झाली नव्हती. मालक तसे बोलायला तिखट, पण गेल्या वर्षभरात त्याच्याशी जपून बोलायला शिकले होते. "बरं वाटत नसेल तर जा घरी," एवढंच म्हणाले. जपून बोलणारी माणसं त्याला नकोशी झाली होती. चौदा महिने सगळे त्याच्याशी असे बोलत होते, जणू तोच एखादं पातळ भिंग आहे. त्यानं नवीन काच घेतली, पुन्हा खूण केली, आणि बायको असती तर काय म्हणाली असती ते त्याला ऐकू आल्यासारखं झालं, "उस्ताद, वाजवायचं घरी आणि घासायचं दुकानात, उलटं करू नका." ऐकू आल्यासारखं, म्हणजे शब्द. आवाज नाही. आवाज येतच नव्हता. शब्द यायचे, तेही त्याच्या स्वतःच्याच आवाजात, आणि त्याला भडभडून यायचं.

ती त्याला उस्ताद म्हणायची, अर्थात थट्टेनं. त्याच्या सगळ्या रचनांना मिळून तिनं एकच नाव ठेवलं होतं, आदळआपट. "आज आदळआपट किती वाजेपर्यंत?" एक शाळा बंद झाली तेव्हा तिथला जुना उभा पियानो त्यानं घरी आणला, चार माणसांनी तो जिन्यावरून वर चढवला, आणि ती दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "यात कपडे ठेवता येतील का?" पण त्याच संध्याकाळी तिनं जुन्या घोंगड्या काढून लहान खोलीच्या भिंतींना ठोकायला त्याला मदत केली, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. तिला संगीतातलं कळायचं नाही आणि कळतं असं ती कधी दाखवायचीही नाही. स्वयंपाकघरात काम करता करता तिच्या कानावर ते पडत राहायचं. कधी म्हणायची, आज लवकर दमलास. कधी म्हणायची, आज रागावला होतास का कुणावर? आणि बहुतेक वेळा बरोबर असायची. दाराच्या अलीकडे तो आणि पलीकडे ती, मधे घोंगड्या, असे अकरा वर्षांचे बुधवार गेले. तो त्या बुधवारांना आपले म्हणायचा. ते दोघांचे होते हे त्याला ती गेल्यावर कळलं.

तिचं लांबून हाक मारणं हा घरातला मोठाच विनोद होता. घर केवढं, तर अडीच खोल्यांचं, पण ती उठून यायची नाही, जागेवरून हाक मारायची. आणि कशाला, तर डबा वरच्या फळीवरून काढून दे, खिडकीची कडी बसत नाहीये, हे बघ आकाश कसं दिसतंय. तो वैतागायचा. सूर जुळत आलेला असायचा आणि नेमकी हाक. शेवटी लेक लहान असताना तिनंच एकदा न्यायनिवाडा करून टाकला, "आई, तुझी पहिली हाक फुकट. बाबानं दुसऱ्या हाकेला उठायचं." सगळे पोट धरून हसले, आणि मग तोच नियम झाला. पहिली हाक मोजायची नाही. खरंच काम असेल तर ती दुसरी मारेल. पुढं लेक मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तरी नियम राहिला. बायकोसुद्धा पाळायची. पहिली हाक मारून ती थोडा वेळ थांबायची, मग कितीदा तरी तिचं तिचं काम तिलाच जमून जायचं आणि दुसरी हाक यायचीच नाही. तो वाजवत राहायचा. यात कुणाचं काही वाईट चाललंय असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

तो चारलाच दुकानातून निघाला. नेहमीच्या रस्त्यानं न जाता लांबच्या रस्त्यानं चालत गेला, फर्निचरच्या दुकानांवरून, दातांच्या दवाखान्यावरून, जिथं काचेआड माणसं तोंडाला रुमाल लावून बसलेली असतात. घरी जायची घाई होती आणि जाऊ नये असंही वाटत होतं. वाटेत त्यानं मनाशी हिशेब लावून पाहिला की ती जागा कदाचित मायक्रोफोनची वायर निघाल्यामुळे आली असेल. किंवा पान उलटताना. पण तो पानं कधी उलटायचा नाही, पानं असायचीच नाहीत. मग त्याला ते सॉफ्टवेअर आठवलं. लेकीनंच दिलं होतं ते, त्याच्या वाढदिवसाला. रेकॉर्डिंगमध्ये वाद्याशिवाय जे जे म्हणून असेल, रस्त्यावरचा हॉर्न, पंख्याची घरघर, कुणाचं खोकणं, ते सगळं शोधून काढून टाकायचं. फक्त पियानो ठेवायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो लहान मुलासारखा हरखला होता. एका सुट्टीत बसून त्यानं जुनी सगळी रेकॉर्डिंग त्यातून काढली आणि मूळची पुसून टाकली. जागा अडवतात कशाला! पुढचीही आपोआप स्वच्छ होऊन साठतील अशी व्यवस्था करून ठेवली. धंदाच तसला त्याचा, काचेवर एक ठिपका सहन व्हायचा नाही, पुसत बसायचा. बायको म्हणाली होती, "म्हणजे मी कधी मधे बोललेलं पण गेलं का?" तो म्हणाला होता, "तेच तर!" आणि दोघं हसली होती.

ती गेल्यावर पंधराव्या-सोळाव्या दिवशी त्याला तिचा आवाज ऐकावासा वाटला. आवाज कुठं असणार? तिला फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचा कंटाळा. लग्नकार्यातल्या चित्रफितींत ती कायम कुणाच्या तरी मागे उभी, तोंड हलतंय, ऐकू येतंय दुसऱ्याचंच. मग त्याला एकदम वाटलं, अरे, आपल्याकडे तर अकरा वर्षांचे बुधवार आहेत! आणि पुढच्याच क्षणाला काय केलंय आपण ते आठवलं. तरीही तो ऐकत बसला. दिवसच्या दिवस. कुठंतरी, एखाद्या फटीत, सॉफ्टवेअरच्या नजरेतून सुटलेली एखादी 'अरे ऐक ना'. काही नाही. आरशासारखं लख्ख. इतका पियानो त्यानं जन्मात ऐकला नव्हता, आणि पियानोचा इतका तिटकाराही त्याला कधी आला नव्हता. सहा महिने त्यानं झाकण उघडलं नाही. मग बाई आल्या, नाटकाचं बोलल्या, लेकीनं फोनवर जोर लावला, "कर ना बाबा, आईला किती आवडलं असतं," म्हणून तो पुन्हा बसला. ते तुकडे वेचताना त्यानं तारखा पाहिल्या नाहीत. तारखांकडे तो कानाडोळाच करायचा. आकडा पाहायचा, ऐकायचा, पुढं जायचा. एका ठिकाणी वादळ एकाएकी थांबलं आणि परत सुरू झालं, आणि त्याच्या काळजात चर्र झालं. त्याला वाटलं, हेच ते, हीच आपली जागा. संगीतानं चर्र झालं असं त्याला वाटलं.

कुलूप काढून तो आत आला तेव्हा साडेपाच झाले होते. बूटही न काढता लहान खोलीत गेला, कॉम्प्युटर लावला आणि तो आकडा शोधला. पाचशे सदतीस. बाजूच्या रकान्यात तारीख होती. ती त्यानं वाचली. परत वाचली. मग उगाचच चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. बुधवार होता. तोच बुधवार.

त्या दिवसाचं त्यानं जे सगळ्यांना सांगितलं होतं ते असं. तो वाजवत होता, दार लावलेलं होतं, जोराचा भाग चालू होता. छप्पर कोसळलं असतं तरी कळलं नसतं. अकरा वाजून गेल्यावर तो बाहेर आला, खुशीत होता, आज छान जमलं होतं. "ऐकलंस का, आज आदळआपट बघ कशी झाली!" असं म्हणतच तो स्वयंपाकघराकडे गेला आणि त्याला दाराशी तिचे पाय दिसले. तिचं उजवं अंग लुळं पडलं होतं, डोळे उघडे होते. डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर काही सांगता आलं असतं. त्यानंतर ती नऊ दिवस होती. दिवसा लेक बसायची तिच्यापाशी, संध्याकाळी तो. जिभेत जडपणा आला होता, पण प्रयत्न केला की एक-दोन वाक्यं बोलायची, लेकीला कळायची, त्याला तेवढी कळायची नाहीत. त्यानं हे लेकीला सांगितलं होतं, मालकांना सांगितलं होतं, डॉक्टरांना, नातेवाइकांना, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं होतं, आणि रोज सकाळी दाढी करताना स्वतःला सांगत होता. मला ऐकू आलं नाही. लेक म्हणायची, "बाबा, तुला ऐकूच नाही आलं, तू तरी काय करणार!" या एका वाक्याला धरून तो चौदा महिने उभा होता.

त्यानं पाचशे सदतीस लावलं. सुरुवातीला नुसतीच उजळणी होती, मग हात तापले, मग ते वादळ. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच कच्चं होतं, डावा हात सारखा मागे पडत होता. आणि मग थांबलं. दोन श्वास. खोलीत बसल्याबसल्या त्याची मान आपण होऊन डावीकडे, दाराकडे वळली. त्याला कळलं. सगळंच कळलं, एकदम, तोंडात मारल्यासारखं. हाक त्या दोन श्वासांच्या आधी होती. ती पुसली गेली होती, पण ऐकणारा तो तिथंच होता, थांबलेला, मान वळवलेला, बोटं पट्ट्यांवर टेकवून. तो वाट बघत होता. दुसऱ्या हाकेची. मनात काय होतं तेही त्याला आता लख्ख आठवलं, कुठं लपलं होतं कोण जाणे. 'मारेल अजून एक, खरंच असेल तर.' आणि दुसरी आली नाही. त्याला बरंच वाटलं होतं, सुटलो म्हणून. आणि त्यानं हळूच, तिला कळू नये अशा बेतानं, एका डाव्या हातानं पुन्हा सुरुवात केली होती, अजून कानोसा घेत, आणि मग उजवाही घातला होता. पुढं एकेचाळीस मिनिटं. त्यानं ती सगळी ऐकली. शेवटाला खरोखरच छान जमलं होतं.

शनिवारी ते दोनशे माणसांसमोर वाजणार होतं. ती आईचं काम करणारी मुलगी मान वळवणार होती. त्याला वाटलं, बाईंना फोन करावा आणि सांगावं, ती जागा काढून टाका, चुकून राहिलीये. मग वाटलं, काढायची? आता हीसुद्धा पुसायची? अकरा वर्षांत तिची म्हणून एवढीच एक खूण राहिलीये आणि ती अशी. त्यानं फोन घेतला आणि लेकीला लावला. तिकडे ती नुकती ऑफिसमधून बाहेर पडली असावी, गाड्यांचा आवाज येत होता.

"बोल बाबा. जेवणाचं काय केलंस?"

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी. तिनं हाक मारली ती. मला ऐकू आली होती. मी थांबलो होतो."

लेकीच्या पाठीमागचे आवाज कमी झाले, कुठल्यातरी आडोशाला ती गेली असावी. त्यानं भराभरा सांगून टाकलं, ती जागा, तारीख, दोन श्वास, पहिली हाक. सांगताना त्याला वाटत होतं की ती मधेच तोडेल, म्हणेल, नाही रे बाबा, असं कुठं असतं का, तुला आता वाटतंय तसं. ती म्हणाली नाही. "मग मी परत वाजवायला लागलो," तो म्हणाला. पुढं सांगण्यासारखं काही नव्हतं.

"मला माहीत होतं," लेक म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"आईनं सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये, चौथ्या का पाचव्या दिवशी." तिचा आवाज चिरकला, पण ती बोलत राहिली, कधीपासून घोकून ठेवल्यासारखी. "ती म्हणाली, एक हाक निघाली तोंडातून, दुसरी निघेना. पण तुझं वाजवणं थांबलं. तिला वाटलं, आला. खूप बरं वाटलं म्हणाली. मग परत सुरू झालं."

तो पियानोच्या स्टुलावर जाऊन बसला. एवढ्या महिन्यांत त्यानं तिला जमिनीवर पडलेली, एकटी, कितीतरी वेळा डोळ्यांसमोर आणलं होतं, पण ती ऐकत असेल हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. ती तर नेहमीच ऐकायची. एकेचाळीस मिनिटं ती ऐकत होती.

"तू मला कधी बोलली नाहीस," तो म्हणाला. "उलट सारखं म्हणत आलीस की..."

"तिनंच सांगितलं होतं तसं म्हणायला." लेक आता सरळ सरळ रडत होती. "बाबा, मला राग आला होता तुझा. खूप आला होता. तेरावा दिवस होईपर्यंत मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. पण तिनं हात धरून माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणाली, त्याला ऐकू आलं नाही असंच सांग. कळलं तर वाजवायचं सोडून देईल तो."